हॉस्पिटलमधून बाबांना घरी आणलं, पुढचं उपकेंद्रातल्या सिस्टरांनी सांभाळलं

अर्धांगवायूचा झटका आल्यावर पेशंटला कुठे न्यायचं, हे सांगणारे खूप भेटले. डिस्चार्जनंतर काय करायचं, ते मात्र कुणीच सांगितलं नाही. आमच्याकडे तीन फायली होत्या: मेंदूच्या डॉक्टरांची, मधुमेहाची, आणि तालुक्याच्या दवाखान्यातली बीपीची जुनी. बाबांना लघवीची नळी लावलेली, पण ती बदलायची कधी आणि कुणी, याचा डिस्चार्ज कार्डावर उल्लेखच नाही.

आशाताईंनी उपकेंद्रात कळवलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी बीएस्सी नर्सिंग झालेल्या आहेत, गावात सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. उपकेंद्र म्हणजे बाळांची लस आणि गरोदर बायकांची तपासणी, एवढंच अजून बऱ्याच जणांना माहीत असतं. पण 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होत गेली (आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) आणि बीपी-शुगरची तपासणी, औषधं तिथेच मिळू लागली.

सिस्टर घरी आल्या आणि आधी म्हणाल्या, "काका घेतात त्या सगळ्या गोळ्या माझ्यासमोर आणा." आईने डबाच उपडा केला. त्यांनी एकेक पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि दोन पट्ट्या बाजूला काढल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पण दोन्हींत ॲम्लोडिपिन हेच बीपीचं औषध. एक जुन्या फाइलीतली, एक नव्या. मग बाबांच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. पायांवरची सूज आम्ही पडून राहण्याची समजत होतो, पण ती या औषधानेही येते. सिस्टरांनी स्वतःच्या मनाने काही बंद केलं नाही. तिथूनच ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांना जोडून दिलं, त्यांनी एक गोळी थांबवली. काही दिवसांत सूज उतरली.

नंतर सिस्टरांनी एक वही करायला लावली. गोळ्या, बीपी, शुगर, लघवी किती झाली, शेवटचं कुशीवर कधी वळवलं, सगळं एकाच ठिकाणी. नळी बदलायचं प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून ठरवलं. माकडहाडाजवळ लालसर चट्टा होता, बोट दाबलं तरी लाली जात नव्हती, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, आईकडून करवून घेतलं. बाबांना खुर्चीत बसवताना लघवीची पिशवी मांडीवर ठेवायची नाही, ती कमरेच्या खालीच लटकली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी आत जाते, हेही तेव्हाच कळलं.

निघताना त्यांनी आईचं बीपी बघितलं. खूपच वाढलेलं होतं! बाबांच्या गडबडीत तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आता तिचीही गोळी सुरू आहे, आणि वहीत तिचं वेगळं पान आहे.

सपाट भागात साधारण 5,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र, त्यात सिस्टरांची नोकरी कंत्राटी. इतकं जबाबदारीचं काम करणाऱ्यांना कायम करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

शहरात फेरतपासणीला आम्ही तीच वही नेतो. गेल्या वेळी मेंदूच्या डॉक्टरांनी नवी गोळी तिच्यातच लिहिली.

कुणाचा पेशंट घरी यायचा असेल, तर डिस्चार्जच्या आधीच आशाताईंना फोन करा. नळी कोणत्या तारखेला घातली, ते कार्डावर लिहून घ्या. आणि घरातल्या जुन्या गोळ्या लपवू नका, सगळ्या सिस्टरांपुढे ठेवा.