मराठीच्या वाटेनं जर्मन: आम्हा चौघांचा अभ्यास

जर्मन शिकायला आम्ही चौघं एकत्र बसलो तेव्हा हाताशी असलेली सगळी पुस्तकं इंग्रजीतून समजावणारी होती. आम्ही टिपणंही इंग्रजीतच काढत होतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं शाळेतलं संस्कृत पक्कं होतं. तिनं एकदा वहीत जर्मन विभक्त्यांची नावं घेऊन नोमिनाटिफच्या पुढे 'प्रथमा' लिहिलं, आकुझाटिफपुढे 'द्वितीया', डाटिफपुढे 'चतुर्थी' आणि गेनिटिफपुढे 'षष्ठी'. तिथून आमचा अभ्यास मराठीतून व्हायला लागला. सुरुवातीच्या पातळीचं, म्हणजे ए वनचं, व्याकरण माझ्या डोक्यात बसलं ते त्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

उच्चार आणि अंक लवकर उरकले. 'चमचा'तला च आपल्याला येतोच, त्यामुळे 'त्सेन', म्हणजे दहा, म्हणायला सायास पडले नाहीत. एकवीस, बावीस, सत्त्याऐंशी म्हणताना आपण एकक आधी घेतो. जर्मनमध्येही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', आधी एक आणि मग वीस. फक्त ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायचा जो स्वर आहे, तो समोरासमोर बसून, एकमेकांचे ओठ बघत घोटावा लागला.

लिंगं तीन आहेत याचं मराठी माणसाला नवल वाटत नाही. वाटणी मात्र वेगळी आहे. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं 'देर टिश' पुल्लिंगी. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी, 'दी झोन'. चंद्र मात्र आपल्यासारखाच पुल्लिंगी, 'देर मोंट'. म्हणून आम्ही नियम केला की आर्टिकल, म्हणजे नामाआधीचं देर, दी किंवा दास, आणि अनेकवचन लिहिल्याशिवाय शब्दाचं कार्ड पूर्ण झालं असं धरायचंच नाही. उंग, हाइट, काइट, शाफ्ट या प्रत्ययांनी संपणारे शब्द स्त्रीलिंगी आणि शेन लागला की नपुंसकलिंगी, एवढ्या आधारावर बरीच नामं मार्गी लागली. बाकीची पाठच करावी लागतात. गटाचा खरा उपयोग मला इथे झाला. विषय वाटून घेतले होते: घर, शरीर, वेळ, प्रवास. प्रत्येकानं आपल्या विषयाची कार्डं सगळ्यांसाठी करायची. उजळणीला लाइटनरची पेटी वापरली. सेबास्टियान लाइटनर या पत्रकारानं १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं. अडलं की परत पहिल्या कप्प्यात. जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योथं संस्थेच्या ए वन परीक्षेची शब्दयादी साधारण साडेसहाशे शब्दांची आहे. रोज थोडी थोडी कार्डं फिरली की एवढे शब्द आवाक्यात येतात.

विभक्तीवर आम्ही सगळ्यात जास्त रमलो. मराठीत 'मित्र'ला 'सोबत' जोडायचं तर आधी त्याचं 'मित्रा' असं सामान्यरूप होतं. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या आधीचं आर्टिकल बदलतं: 'देर फ्रॉइंट'चं 'मिट डेम फ्रॉइंट'. बदल होतो तो वेगळ्या जागी, एवढं कळलं आणि तक्त्याची भीती गेली. आकुझाटिफमध्ये तर फक्त पुल्लिंगी आर्टिकल बदलतं, देरचं डेन होतं. दी आणि दास तसेच राहतात.

'दास बुख गेफेल्ट मिर' हे वाक्य वाचलं तेव्हा मी अक्षरशः हरखले. 'पुस्तक मला आवडतं.' पुस्तक कर्ता, आणि आवडणाऱ्या माणसाची चतुर्थी! इंग्रजीवरून गेलं की हे वाक्य उलटं वाटतं, मराठीवरून सरळ. 'मिर इस्ट काल्ट'सुद्धा तसंच, मला थंडी वाजते.

पण मराठी इथेच चकवतेही. आपला 'ला' द्वितीयेचाही आणि चतुर्थीचाही. 'मी मित्राला बघते' आणि 'मी मित्राला मदत करते' यांत आपल्याला फरक ऐकू येत नाही; जर्मनमध्ये पहिल्यात 'डेन फ्रॉइंट', दुसऱ्यात 'डेम फ्रॉइंट'. म्हणून हेल्फेन (मदत करणं), डांकेन (आभार मानणं), गेफालेन (आवडणं), गेह्योरेन (मालकीचं असणं) ही डाटिफ घेणारी क्रियापदं वेगळ्या रंगाच्या कार्डांवर गेली. टेबलावर ठेवणं आणि टेबलावर असणं यांतही हीच अडचण. आपण दोन्हीकडे 'टेबलावर'च म्हणतो. तिथे मात्र हालचाल असेल तर 'आउफ डेन टिश', स्थिर असेल तर 'आउफ डेम टिश'. अशी नऊ अव्ययं आहेत. त्यासाठी आम्ही पुस्तकच हातात घेतलं. एकानं ते खुर्चीखाली, दारामागे, दोन वह्यांच्या मध्ये ठेवत जायचं, ठेवताना दुसऱ्यानं बोलायचं आणि ठेवून झाल्यावर तिसऱ्यानं. कागदावर कितीही वेळा लिहून हे असं अंगात भिनलं नसतं.

क्रियापदाची जागा समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानी, मग सुरुवात कशानंही होवो: 'हॉइटे लेर्ने इश डॉइच', आज मी जर्मन शिकते. पण 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की ते शेवटी जातं: 'वाइल इश इन डॉइचलांट आर्बाइटेन विल'. शेजारी मराठी मांडलं: 'कारण मला जर्मनीत काम करायचं आहे'. जर्मनीत, मग काम करणं, मग इच्छा, क्रम तोच. विद्यार्थी ज्या ठिकाणी अडतात असं सगळीकडे सांगितलं जातं, तिथे आपण घरच्या वाटेवर असतो. अवघड जातं ते उलट: साध्या वाक्यात क्रियापद पुढे आणणं. मराठी जीभ ते शेवटी ठेवायला बघते. शिवाय आउफश्टेएन (उठणं) यासारख्या क्रियापदांचे दोन तुकडे होतात, एक दुसऱ्या स्थानी आणि एक अगदी टोकाला. त्यासाठी आम्ही एकेक शब्द एकेका कागदावर लिहून जमिनीवर वाक्यं मांडली.

परीक्षेची तोंडी चाचणी गटातच होते, हे आमच्या पथ्यावर पडलं. स्वतःची ओळख, मग कार्डावरच्या शब्दावरून एकमेकांना प्रश्न, मग विनंती आणि तिला उत्तर. एकमेकांना 'झी' म्हणून, म्हणजे अहो-जाहो करत, आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं. उत्तीर्ण व्हायला शंभरपैकी साठ गुण लागतात. माझा आग्रह एवढाच होता की प्रश्न विचारायचा सराव उत्तरांइतकाच व्हावा, कारण एकट्यानं शिकताना तोच राहून जातो.

आता पुढच्या पातळीत, ए टूमध्ये, विशेषणांचे प्रत्यय आले आहेत. 'चांगला, चांगली, चांगलं' ही आपली रांग तिथे पुरत नाही. आर्टिकल बघून प्रत्यय ठरतो. 'देर गुटे मान', पण 'आइन गुटेर मान'. पुढच्या बैठकीत नपुंसकलिंगाचा तक्ता मी समजावणार आहे आणि डाटिफचा संस्कृतवाली मैत्रीण.