‘नाही’ लिहिता येणारा फॉर्म

लेकीच्या शाळेतून मला आलेला पहिला फोन एका क्रोसिनपायी होता.

२०२२ च्या जुलैत आम्ही ठाण्याहून कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आलो. लेक सहावीत. सप्टेंबरात एक दिवस सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं, म्हणून मी आपली नौपाड्यातली सवय, पाकिटातली एक गोळी कात्रीने कापून तिच्या कंपासपेटीत टाकली. ‘डबा खाल्ल्यावर घे.’ साडेअकराला फोन. पलीकडच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, तुमच्या मुलीजवळ औषध सापडलंय, नेता का येऊन? पोचले तर गोळी झिपच्या पिशवीत, पिशवीवर तारीख, वेळ आणि सही. पंचनामाच म्हणायचा. नियम असा, की साधी तापाची गोळीसुद्धा शाळेत घ्यायची तर डॉक्टरांचं लेखी पत्र हवं, पालकांचं पत्र हवं, औषध मूळ वेष्टनात हवं, आणि ते राहणार ऑफिसच्या कुलपात. दम्याचा पंप जवळ ठेवता येतो, पण त्यालाही कागद लागतोच.

त्या बाईंना मी वर्षभर नर्स समजत होते. त्या होत्या कारकून. खरी नर्स आठवड्यातून दोन दिवस यायची, बाकीचे दिवस तिच्या वाट्याला दुसऱ्या शाळा. हे मुद्दाम सांगतेय, कारण अमेरिकेतल्या शाळा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे पाचतारांकित दवाखाना उभा राहतो.

तर, आम्ही नेमके त्याच वर्षी आलो ज्या वर्षी तिथे बऱ्याच गोष्टी एकदम लागू झाल्या. सरकारी शाळेत सगळ्यांना दोन वेळचं खाणं फुकट, उत्पन्नाचा दाखला नाही, काही नाही. सहावीपासूनच्या शाळांच्या स्वच्छतागृहांत सॅनिटरी पॅड फुकट. आणि शाळेची वेळ. तिथल्या कायद्याने मिडल स्कूल, म्हणजे साधारण सहावी ते आठवी, सकाळी ८ च्या आधी आणि हायस्कूल ८.३० च्या आधी भरवता येत नाही. कायदा २०१९ चा, अंमल २०२२ च्या जुलैपासून. (पळवाट आहेच. ‘झीरो पीरियड’ नावाचा ऐच्छिक तास कायद्यातून वगळलाय, त्यामुळे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारी आमची मुलगी सव्वासातलाच घराबाहेर.)

२०२५ च्या जूनमध्ये सुट्टीला ठाण्यात आलो तेव्हा हे सगळं मी ताईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ताई कळव्याच्या बाजूला एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते, आठवी ते दहावी. ती कुकरची शिट्टी काढत म्हणाली, “मोठ्या मुलांना उशिरा? आमच्याकडे उलटं आहे.”

खरंच उलटं आहे. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने आपल्याकडे चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं. लहानग्यांची झोप व्हावी हा हेतू, वाईट काहीच नाही. पण इमारत एक आणि सत्रं दोन, मग सकाळचे ७ येतात कुणाच्या वाट्याला? आठवी-नववीच्या. आणि झोपेचं शास्त्र नेमकं त्यांच्या बाजूने बोलतं. वयात येताना मेंदूत झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला दहाला झोप म्हटलं तरी ती येत नाही. तो आळस नव्हे, शरीरच तसं झालेलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं, की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. त्यानंतर एका राज्याला कायदा करायला पाच वर्षं लागली आणि लागू करायला आणखी तीन.

ताईच्या वर्गातला एक मुलगा दिव्याहून येतो. पाच पन्नासला घर सोडतो. “पहिल्या तासाला त्याला मी प्रश्नच विचारत नाही,” ती म्हणाली. “झोपू देते. माझं धोरण.”

पुढच्या सोमवारी मी तिच्याबरोबर शाळेत गेले. पाऊस असा, की कळव्याच्या पुलावर रिक्षा अर्धा तास एकाच जागी. सोमवारच का, तर सोमवार निळ्या गोळीचा वार. लोह आणि फॉलिक ॲसिडची ही साप्ताहिक गोळी सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या किशोरवयीन मुलामुलींना द्यायची असते. मुलांनाही, फक्त मुलींना नाही, हे मला माहीत नव्हतं. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून मधल्या सुट्टीनंतर. ताई आधी स्वतः एक गोळी सगळ्यांसमोर गिळते. तरी मागच्या बाकावरचे जिभेखाली ठेवतातच. पहिल्या वर्षी वर्गाच्या खिडकीखालचं गटार निळं झालं होतं म्हणे. शौचाला काळं होतं म्हणून आया घाबरून शाळेत यायच्या, तेही निस्तरलं तिनेच. आता ती पाण्याची बाटली घेऊन रांगेपुढे उभी राहते आणि ‘आ कर’ म्हणते.

गोळ्या संपल्यावर तिने रजिस्टर भरलं. रकान्याचं नाव होतं ‘वाटप’. ४७ हजर, ४७ वाटप.

“गिळल्या किती?” मी विचारलं.

“तो रकाना नाही.”

ताई तिच्या शाळेची ‘आरोग्य दूत’ आहे. आयुष्मान भारतखाली २०२० मध्ये शालेय आरोग्याचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, असे दूत नेमायचे. अकरा विषय: वाढ, भावनिक आरोग्य, नातेसंबंध, आहार, व्यसनं, इंटरनेटचा सुरक्षित वापर वगैरे, आठवड्याला एक तास. कागदावर हा कार्यक्रम इतका नेटका आहे की मी तो वाचून गप्प झाले. आणि शाळेत येऊन मुलं तपासणाऱ्या डॉक्टरांच्या फिरत्या पथकांचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचा, त्याची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत झाली ती पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच! म्हणजे आपल्याकडे काही नाही, असं अजिबात नाही. ताईच्या शाळेत ते पथक येतं. माझी भाची घोडबंदर रोडवरच्या ज्या खाजगी शाळेत लाखभर फी भरून जाते, तिथे मात्र नाही.

आठवड्याचा तो एक तास मात्र बहुतेक वेळा गणिताच्या पोटात जातो. पी.टी.चा जसा आमच्या काळापासून जात आलाय.

विषय निघालाच आहे तर आमच्या काळाचंही सांगते. नववीत एक दिवस नॅपकिनच्या कंपनीच्या बाई आल्या. मुलींना ड्रॉइंग हॉलमध्ये नेलं, खिडक्या लावून घेतल्या, मुलांना सोडलं मैदानावर. बाहेर आलो तेव्हा प्रत्येकीच्या हातात खाकी पाकीट, आणि मुलं विचारतायत, ‘तुम्हालाच का गिफ्ट?’ एकीने सांगितलं, बिस्किटं. शाळेत त्या विषयावर झालेलं आमचं सगळं शिक्षण एवढंच. पुढे किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, तर २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो रोखलाच.

त्यामुळे लेकीच्या शाळेतून मागच्या वर्षी पत्र आलं, की अमुक आठवड्यात लैंगिक आरोग्याचे तास आहेत, साहित्य बघायला या, आणि नको असेल तर तसं लेखी कळवा, तेव्हा आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत खल चालला. एकाने विचारलं, नको म्हटलं तर चालतं ना? चालतं. कायद्यानेच ती मुभा आहे. खरं सांगायचं तर मीही कळवणार होते. नवऱ्याने तर पत्र वाचून टीव्हीचा आवाज वाढवला. पण साहित्य बघायला गेले. शरीराची चित्रं होती तेवढी होती, अर्ध्याहून जास्त भाग भलताच निघाला: समोरच्याची संमती म्हणजे काय, नको कसं म्हणायचं, कुणी नको तिथे हात लावला तर कोणत्या मोठ्या माणसाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचं. यातलं शेवटचं मला आजही नीट सांगता येईल का, शंका आहे. पत्र पाठवलं नाही.

आता फॉर्मची गोष्ट. सरकारी जेवणयोजनेचे पैसे घेणाऱ्या अमेरिकेतल्या प्रत्येक शाळा-विभागाला २००४ च्या एका कायद्यामुळे लेखी आरोग्यधोरण ठेवावं लागतं आणि त्यात पालकांनाही बोलावावं लागतं. म्हणून मी आमच्याकडच्या समितीवर गेले, म्हणजे दुसरं कोणी हात वर केला नाही. पाच माणसं, बुधवारची संध्याकाळ, चर्चा वाढदिवसाच्या कपकेकवर. तिथे मला कळलं, की त्यांचं राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, १९९६ पासून दर दोन वर्षांनी राज्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या विभागांमार्फत निवडक शाळांना प्रश्नावली पाठवतं. सहावी ते बारावीच्या शाळा. एक प्रश्नावली मुख्याध्यापकांना, एक आरोग्य शिकवणाऱ्या प्रमुख शिक्षकाला. नर्स आहे का? यंत्रातून सोडा, म्हणजे गोड शीतपेयं, विकता का? तंबाखूबंदी शाळेच्या कार्यक्रमांतही लागू आहे का? आरोग्य शिकवणाऱ्याला प्रशिक्षण कधी मिळालं? सगळं ऐच्छिक आणि गोपनीय. छापले जातात ते राज्यांचे आणि मोठ्या शहरांचे आकडे, शाळेचं नाव कुठेच येत नाही. मुलांची वेगळी पाहणी आहे, १९९१ पासूनची, नववी ते बारावीची, तीही निनावी.

एवढी वर्षं तेच तेच प्रश्न विचारले की काय दिसतं बघा. महिनाभरात एकदा तरी सिगारेट ओढलेली मुलं १९९७ मध्ये ३६ टक्के होती, २०२१ मध्ये ४ टक्क्यांच्या आत आली. मग वाटावं जिंकलो, तर २०१९ मध्ये जवळजवळ ३३ टक्के मुलं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढताना सापडली. पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची नळी. शिक्षकांच्या टेबलावर पडलेली असली तरी कळत नसे. पुढे तेही खाली आलं, २०२३ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपास. सोडा आणि चॉकलेटची यंत्रं बऱ्याच शाळांतून हटली, सोड्याचा हायस्कूलपुरता कायदा कॅलिफोर्नियाने २००५ मध्येच केला.

आणि एक आकडा असा आहे की तो कुणालाच हटवता आलेला नाही. सतत उदास, हताश वाटतं असं म्हणणारी मुलं: २०१३ मध्ये ३०, २०२१ मध्ये ४२, २०२३ मध्ये ४० टक्के. मुलींमध्ये ५३. समुपदेशक आहेत, मनाच्या आजारासाठीही रजा मिळते, तरी हे आहे. लेकीच्या ओळखपत्राच्या मागे आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलाय, ९८८. सातवीपासून पुढच्या सगळ्यांच्या कार्डावर, कायद्याने. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बारा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे कशाला? तिने कार्ड उलटं करून बघितलंही नव्हतं. बघितलं तेव्हा म्हणाली, “बरंय की, कोणाला लागला तर.”

हे सगळं ऐकून ताईने एकच प्रश्न विचारला. “तो फॉर्म तुमच्याकडेही मुख्याध्यापकच भरतात ना? मग खोटं नाही लिहीत?”

मी म्हटलं, लिहीतही असतील. पण ‘नाही’ लिहिलं तर त्यांना कोणी काही विचारत नाही.

ताई हसली, मग बराच वेळ भजी तळत राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे ‘नाही’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो. मॅडम, तेवढं होय करा, नाहीतर आमचा अहवाल अडतो.” शाळेच्या नावासकट जाणारी माहिती. हात धुवायला साबण आहे का? होय. तंबाखूविक्री शंभर यार्डांत नाही ना? नाही. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे पन्नास मीटरच्या आत तळलेलं-गोड अबरचबर विकत नाहीत ना? नाही. हे ती सांगत होती आणि मला दुपारी फाटकाबाहेर खाल्लेला वडापाव आठवत होता. फाटकापासून बारा पावलं. मोजली होती मी. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते दाखवणारं. भाचीच्या शाळेत ते लगेच लागलं, रंगीत, कँटीनच्या दारात. आत काय मिळतं ते विचारू नका.

ताईच्या शाळेत पॅड आहेत, प्रयोगशाळेच्या कपाटात, आम्लांच्या बाटल्यांच्या वरच्या फळीवर. किल्ली शिपाईकाकांकडे. म्हणजे मुलीने काकांना सांगायचं. फॉर्मवर: ‘उपलब्ध, होय.’ निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, आता किल्लीची एक प्रत करून घेतलीय, नववीच्या एका मुलीकडे असते. गोखले रोडवर चाळीस रुपयांत झालं काम.

परत आल्यावर तिचा मेसेज आला, ओळखपत्राच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. पाठवला. पंधरा दिवसांनी तिच्याकडून फोटो आला: बाकावर ओळखपत्रांचा ढीग, सगळी पालथी, आणि प्रत्येकाच्या प्लॅस्टिकवर मार्करने लिहिलेलं १४४१६. टेलिमानसचा, आपल्या सरकारी मदतवाहिनीचा, २०२२ पासून चालू असलेला नंबर. खाली तिने लिहिलं होतं: ‘सरांनी विचारलं, वरून पत्र आलंय का. मी म्हटलं, हो.’