चारच कॉर्ड, पण त्यातला धैवत बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नौपाड्यात गिटार शिकवते आणि पोरं घरी जाऊन महिना महिना एकच गाणं घासत बसतात, त्यामुळे पालक जिन्यात गाठून विचारतात, "ताई, त्या रेडिओहेड नावाच्या इंग्लिश बँडच्या 'क्रीप' गाण्यामध्ये एवढं आहे तरी काय? चारच तर कॉर्ड, तेच तेच वाजतंय!"

चारच आहेत, खरंय. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे तीन सूर. जी, बी, सी आणि सी मायनर, पहिल्यापासून शेवटपर्यंत हेच चक्र. पण घरात पेटी असेल तर पांढरी पाचला सा धरा आणि वाजवून बघा, आधी सा ग प, मग ग, कोमल ध, नी, मग म, शुद्ध ध, सा, आणि शेवटी शुद्ध धैवताच्या जागी परत कोमल. आता बाकीचे सूर सोडा, एवढंच ऐका: प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध, की आलो परत प वर. जरा वर जायचं, तिथे टिकायचं नाही, घसरायचं. आणि गाणारा तर स्वतःला कुचकामी समजणारा, समोरच्या व्यक्तीकडे बघायची पण हिंमत नसलेला माणूस, म्हणजे शब्द नाही कळले तरी सुरांनी सांगून टाकलंच की!

कॉर्ड तेच असल्यामुळे कडवं आणि कोरस यात फरक मुख्यतः आवाज किती मोठा याचा. कोरसच्या आधी सी मायनर संपता संपता गिटारचा तो खर्रक, खर्रक आवाज येतो ना, पोरं सगळ्यात आधी तोच शिकतात. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि उजव्याने सणसणीत ओढायचं. बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवूड, त्याला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं म्हणून त्याने ते केलं, बँडमधले लोकच म्हणतात की तो गाणं बिघडवायला बघत होता. माझ्या मते त्या खर्रकशिवाय ते गाणं चाललंच नसतं.

तसंही ते लगेच चाललं नव्हतंच. 1992 ला आलं तेव्हा इंग्लंडमध्ये कोणी विचारलं नाही, मग इस्रायलच्या रेडिओवर वाजायला लागलं, मग अमेरिकेत, आणि 1993 ला परत काढलं तेव्हा कुठे इंग्लंडात सातव्या नंबरवर गेलं. नंतर बँडलाच त्याचा इतका वैताग आला की कितीतरी वर्षं स्टेजवर वाजवायचं टाळायचे. (आणि हो, चाल 'द एअर दॅट आय ब्रीद' या जुन्या गाण्याशी जुळते, म्हणून त्या दोन गीतकारांची नावं पण क्रेडिटमध्ये आहेत. पोरं हे मोठ्या आनंदाने सांगतात.)

राहता राहिला बोटांचा प्रश्न. बी ला पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधला घर) सगळ्या तारांवर आडवं दाबायचं, यालाच बार म्हणतात, सुरुवातीला निम्म्या तारा मुक्या राहतात, बोटाच्या कडेला वळ उठतो. पण एकदा बसलं की तोच आकार एक फ्रेट पुढे सरकवला की सी, आणि तिथेच एक सूर खाली आणला की सी मायनर. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून सोपं करून द्या म्हणता, पण कुठल्याही फ्रेटला लावा, एखादा तरी बार येतोच. तेव्हा थोडं दुखू दे. फक्त ॲम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, फोन मला येतात.