सोळा किलो की पाच?

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा बायकांपैकी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये हल्ली एक तरी रिपोर्ट असतो. घरी येऊन रक्त नेतात, सत्तर-ऐंशी तपासण्यांचं पॅकेज असतं, सणासुदीला सवलत, नवरा-बायको दोघांचं केलं तर आणखी सवलत. संध्याकाळी पीडीएफ येते आणि तिच्यात काहीतरी लाल असतंच. मग दुसऱ्या दिवशी बाकावर त्या लाल आकड्यांचं सामुदायिक वाचन. युरिक अॅसिड वाढलंय? डाळी बंद कर. ईएसआर वाढलाय? तो कशाचा असतो गं? ज्या बाईला काल काहीच होत नव्हतं, ती आज पायरी चढताना छातीला हात लावते.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे या लाल रंगाचा हिशेब केल्याशिवाय मला राहवेना. बऱ्याच तपासण्यांमध्ये ‘नॉर्मल’ची हद्द अशी ठरवलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पंचाण्णव तिच्यात बसावीत. उरलेली पाच निरोगी असूनही बाहेर. आता अशा वीस तपासण्या एकदम केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या हद्दीत येण्याची शक्यता ०.९५चा विसावा घात, म्हणजे साधारण ३६ टक्के. शंभरातल्या चौसष्ट धडधाकट माणसांना एक तरी लाल आकडा मिळणारच. सत्तर तपासण्यांचं गणित तुम्हीच करा. (तपासण्या एकमेकींवर अवलंबून असतात, साखर-कोलेस्टेरॉलच्या हद्दी वेगळ्या रीतीने ठरतात, हे मला माहीत आहे. निवृत्त गणितवाल्यांनी कमेंट लिहायची घाई करू नये.)

माझ्या रिपोर्टात लाल बरंच होतं. थायरॉइडचं टीएसएच ५.६, ड जीवनसत्त्व कमी, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त, उपाशीपोटी साखर १०८ आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.२. शिवाय वजन ६८, उंची १५१ सेंटिमीटर. यांचा रिपोर्ट मी उघडलासुद्धा नव्हता. हे म्हणजे पहिल्यापासून काडीपैलवान. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, दिवसभर गादीवर बसून खाती लिहिली, तरी पँटचा नंबर कधी बदलला नाही, असं ते स्वतःच सांगतात. पँट पोटाखाली बांधली की नंबर बदलत नाही, हे मी सांगते.

सांगलीकराचं दुखणं जरा मोठं वाटलं की तो मिरजेला जातो. डॉ. वानलेस यांनी १८९४मध्ये तिथे दवाखाना काढला, तेव्हापासूनची ही वहिवाट आहे. कर्नाटकातूनसुद्धा माणसं येतात. ‘त्यांना मिरजेला नेलंय’ एवढं ऐकलं तरी आमच्याकडे लोक आवाज खाली करतात. आम्ही गेलो ती डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान. बाहेरच्या मुलीने ‘आजी, इकडे बसा’ म्हणून माझा मूड घालवलेला होता, आत ‘या काकू’ झाल्यावर जरा बरं वाटलं.

रक्तदाब आधी बाहेरच घेतला होता. जिना चढून आले, पिशवी मांडीवर, ती मुलगी पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारतेय, कुठून आलात, जेवलात का. १५८ आणि ९०. डॉक्टरबाईंनी तो आकडा पाहिला आणि आधी मला बाथरूमला पाठवलं. मग खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं नुसतं बसायला सांगितलं. बोलायचं नाही. माझ्यासारखीला हे अवघडच. मग स्वतः मोजला, तर १३८ आणि ८४. गोळी लिहिली नाही. ‘घरी दंडाला बांधायचं मशीन घ्या, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असंच बसून मोजा, वहीत लिहून आणा,’ म्हणाल्या. थायरॉइडचं विचारलं, तर म्हणाल्या वय वाढतं तसं टीएसएच थोडं वर सरकतंच, टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन ठीक आहे, काही महिन्यांनी पुन्हा बघू. आणि वर विचारलं, ‘केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का?’ घेत होते. त्या गोळीने थायरॉइडचे आकडे भलतेच येऊ शकतात, तपासणीआधी काही दिवस बंद ठेवायची, हे त्या केसांच्या गोळीच्या डबीवर कुठेही लिहिलेलं नाही.

मग वजन. मी घरून गणित करूनच गेले होते. भारतीयांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा पाश्चात्यांपेक्षा खाली धरतात, २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा. माझा येतो जवळजवळ ३०. तेवीसवर यायचं तर वजन ५२ हवं. म्हणजे सोळा किलो. माझ्या लग्नातसुद्धा मी बावन्न किलोची नव्हते.

‘पाच,’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

मला वाटलं, समजूत काढतायत. पण त्यामागे आधार होता. अमेरिकेत तीन हजारांवर माणसांवर एक मोठा प्रयोग झाला होता, २००२मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसं, वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं, एवढंच उद्दिष्ट. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं आणि साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. ६८चे सात टक्के म्हणजे पावणेपाच. सोळाचे पाच झाले, तेव्हा मला पहिल्यांदा हे काम होण्यासारखं वाटलं.

पुढचं मात्र अनपेक्षित होतं. त्यांनी एक बिनहाताची साधी खुर्ची भिंतीला लावली, मला हात छातीवर आडवे धरायला सांगितले आणि मोबाइलवर तीस सेकंद लावले. उठायचं, बसायचं, हाताचा आधार नाही. माझे आठ झाले. माझ्या वयाच्या, म्हणजे ६५ ते ६९च्या बायकांचे निदान अकरा तरी व्हायला हवेत. ‘काकू, वजन नंतर. आधी हे.’ कारण असं की नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं, तर उतरलेल्यातला साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. तिशीत तो भरून येतो. साठीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही, आणि पुन्हा वजन वाढलंच तर चरबी वाढते. म्हणजे वजनकाट्यावर पास, आणि जमिनीवर बसलं की उठायला दोन माणसं लागतात. हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘वजन कमी करा’ सगळ्यांनी सांगितलं. त्यातलं काय कमी करा, हे नाही.

यांची पाळी आली, तेव्हा हे खुर्चीवर ऐटीत बसले होते. बीएमआय २२. डॉक्टरबाईंनी टेप काढली. कंबर ९६ सेंटिमीटर. पुरुषांची नव्वदच्या आत हवी, बायकांची ऐंशीच्या. (माझी ९४. तिथे आम्ही दोघं जवळजवळ सारखेच निघालो.) यांचं एचबीएवनसी ६.९. साडेसहापासून मधुमेह धरतात. पुन्हा तपासलं, तरी तेच.

‘पण मी तर बारीक आहे!’ हे म्हणाले.

त्यावर डॉक्टरबाईंनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा शेजारी शेजारी उभे राहिलेला फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आपल्याकडची माणसं हातापायांनी काटकुळी आणि आतून, पोटाशी चरबीवाली. पुण्याजवळच्या खेड्यांतली मुलं जन्मतःच तशी असतात, हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षं मोजून दाखवलंय. हे ऐकून यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लग्न झाल्यापासून ‘जरा कमी खा’ हे मला ऐकवणारा माणूस, आणि गोळी त्याला लागली. यांना वजन कमी करायला सक्त मनाई आहे. जेवणानंतर चालणं, भात अर्धा, आणि खुर्चीचे व्यायाम यांनाही.

डाएट कोणतं, हा बाकावरचा पुढचा प्रश्न. आमच्याकडे सरळ दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, जे डॉ. जिचकरांचं सूत्र पुढे नेतात: दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत आटपायचं. दुसरा थोडं थोडं खाणाऱ्यांचा. वाद राजकारणापेक्षा जोरात होतात. मी कुठल्याच पक्षात नाही, पण एक गोष्ट डॉक्टरबाईंनी दोनदा बजावली ती सांगते. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरला न विचारता एकही जेवण गाळायचं नाही. गोळी आपलं काम करते, साखर धाडकन खाली येते आणि माणूस देवघरातच घाम फुटून आडवा होतो.

माझ्या खाण्याचं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. चहा-बिस्किटं, पोहे, पोळी-भाजी, पातळ आमटी, चार वाजता चहाबरोबर भडंग, रात्री दूधभात. प्रथिनं जेमतेम पस्तीस ग्रॅम. माझ्या वयाला किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत, म्हणजे साठच्या पुढे. (क्रिएटिनिन बघूनच सांगितलं, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा आकडा उचलू नये.) आमच्या आमटीत डाळ शोधावी लागते, ही सासूबाईंची शिकवण. आता वरण घट्ट असतं. मटकीची उसळ पोळीला तोंडीलावणं म्हणून नाही, वाटीभर. ताकाऐवजी दही. भडंग पूर्ण बंद केलेलं नाही, सांगलीत राहून ते कसं व्हावं? पण त्यात चुरमुऱ्यांपेक्षा शेंगदाणे जास्त असतात. एकादशीला साबुदाणा मात्र गेला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, उपवासाच्या नावाखाली बाकी दिवसांपेक्षा जास्त साखर. त्याऐवजी राजगिरा आणि दही.

व्यायामासाठी जिम वगैरे काही नाही. सकाळी दूध तापत ठेवते आणि ओट्याला बोटं टेकून टाचा उचलते. हळू वर, वर क्षणभर थांबायचं, हळू खाली. पोटऱ्या भरून येईपर्यंत दुधावर साय धरायला लागते. उकळी येण्याआधीचा सरसर आवाज झाला की थांबते, नाहीतर ओटा पुसण्याचा व्यायाम वेगळा. मग जेवणाच्या खुर्चीवरून उठबस. पाण्याच्या भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या दोन हातांत घेऊन दिवाणखान्यात फेऱ्या. सुरुवातीला गुडघे कुरकुरले. डॉक्टरबाईंनी खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायला सांगितली, मग जमलं.

मधल्या काळात वजन चार किलो उतरलं. बाकावर कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. शेजारच्या वहिनींनी इंजेक्शनवर त्याच्या तिप्पट उतरवलंय. कंबर ८८ झालीय, एचबीएवनसी ५.९, आणि खुर्चीची परीक्षा तेरावर गेली. वहिनींना म्हटलं, तुम्हीही एकदा तीस सेकंद उठून-बसून दाखवा ना. त्या म्हणाल्या, उद्या.

यांची साखरही गोळीने आणि चालण्याने ताळ्यावर आहे. पण डॉक्टरबाईंनी यांच्यासाठी अंडी सुचवली आणि तिथे घरात युद्ध पेटलं. अंड्याला आपली भांडी चालणार नाहीत, हे यांचं म्हणणं. वेगळं पातेलं आणते म्हटलं तर ते ठेवायचं कुठे. मग मी वाद घालणं सोडलं आणि दळण बदललं. पाच किलो गव्हाला अर्धा किलो सोयाबीन, थोडं भाजून. यांना अजून सांगितलेलं नाही. परवा पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, ‘गिरणीवाला बदललास का गं?’