गाळ्याच्या दारातून आत काय येते?

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत माझ्या मावसभावाचा खोक्यांचा गाळा आहे. मी हिशेब आणि कराची कामे करतो, त्यामुळे ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, भरण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले आणि ते मी, लिहायला संकोच वाटतो, दहा मिनिटांत उरकले. तो तेव्हा खोक्यांबरोबर क्राफ्ट कागदाचे रोलही विकत असे आणि विक्रीच्या आकड्यांत रोलचा वाटा मोठा दिसत होता, म्हणून धंदा कोणता हे सांगणारा जो पाच आकडी संकेतांक त्यात भरायचा असतो, तो मी घाऊक व्यापाराचा निवडून मोकळा झालो.

त्याची झळ गेल्या वर्षी लागली. एका ग्राहकाने पाच महिने बिल थकवले. सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने दिलेले संरक्षण, म्हणजे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आपल्यालाही मिळेल असे आम्ही गृहीत धरले होते. परंतु जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीची मुभा देताना केंद्र सरकारने त्यांना केवळ अग्रक्रम क्षेत्रातील, म्हणजे बँकांनी प्राधान्याने द्यायच्या, कर्जाचा लाभ देऊ केला आहे. थकीत बिलांची तक्रार त्यात बसत नाही. "दादा, मग माझ्या गाळ्यात पाच माणसं दिवसभर करतात ते काय?" हा त्याचा प्रश्न मला बराच काळ बोचत राहिला.

त्यानंतर हे संकेतांक ज्या यादीतून येतात ते राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८, ज्याला सगळे एनआयसी म्हणतात, मी खऱ्या अर्थाने वाचले. त्याचे मूळ तत्त्व असे की संकेतांक वस्तूला नसतो, कामाला असतो. वस्तूची वर्गवारी जीएसटीच्या बिलावरचा एचएसएन हा क्रमांक करतो, ज्यात कागद आणि कागदी माल प्रकरण ४८ मध्ये येतो. एकच क्राफ्टचा रोल बनवणारा आणि विकणारा दोघेही त्या रोलला तोच एचएसएन लावतात, पण एनआयसीत ते दोन वेगळ्या घरांत राहतात. आणि एकाच जागी दोन कामे चालत असतील, तर मुख्य काम ठरवताना विक्रीपेक्षा मूल्यवर्धन पाहायचे असते. रोल जसा आला तसा विकला तर हाती थोडे सुटते. त्याच रोलच्या एका कागदाला यंत्राने नागमोडी नळ्या पाडून, दोन सपाट कागदांमध्ये खळीने चिकटवून तीन पदरी पत्रा केला, तो कापला, छापला आणि तारेची पिन मारून खोके बांधले, तर खरी कमाई तिथे होते. भावाचा गाळा पहिल्या दिवसापासून उत्पादकाचाच होता.

संकेतांकाचे पहिले दोन आकडे विभाग सांगतात आणि पहिले चार वर्ग. कागदाच्या धंद्यासाठी पाहायचा विभाग १७. त्यातील १७०१ हा लगदा, कागद आणि पुठ्ठा प्रत्यक्ष तयार करणाऱ्यांचा वर्ग आहे. हातकागदही त्यातच येतो. मुंबईत स्वतःला 'पेपर मॅन्युफॅक्चरर' म्हणवणारे आणि त्याच भरवशावर १७०१ निवडणारे अनेक जण भेटतात, पण त्यांच्या गाळ्यात रद्दी भिजवण्याची टाकी नसते, लगद्याच्या पाण्याचा वास नसतो. दारातून आत येतो तो तयार रोल किंवा रीम. अशांनी १७०१ कडे जाऊ नये. लगदा बनवणारा उद्योग प्रदूषण नियंत्रणाच्या दृष्टीने कडक गटात मोडतो, आणि जे काम आपण करतच नाही ते कागदोपत्री अंगावर घेतल्यास पुढे परवानग्यांच्या वेळी खुलासे देत बसावे लागते.

नालीदार पुठ्ठा, खोकी आणि कागदी पिशव्या यांचा वर्ग १७०२. वह्या, रजिस्टरे, पाकिटे, टिश्यू, कागदी कप आणि पत्रावळी १७०९ मध्ये. वह्यांच्या बाबतीत एक बारकावा आहे: छापील मजकूर हे त्या मालाचे मुख्य वैशिष्ट्य नसेल तरच १७०९ लागू होतो, मजकुरासाठीच वस्तू घेतली जात असेल तर ते मुद्रण म्हणजे १८११. (पत्त्यांचा कॅट कागदाचाच असला तरी तो खेळण्यांच्या ३२४० मध्ये जातो, हे वाचून मला हसू आले.) दुसऱ्याचा कागद घेऊन मजुरीवर खोकी बांधून देणाराही उत्पादकच धरला जातो, जॉबवर्क आहे म्हणून सेवा क्षेत्र निवडण्याचे कारण नाही. चार आकड्यांपर्यंत पोहोचले की पाचवा आकडा यादीतील ओळ शब्दशः वाचून ठरवावा; उरलेल्या 'इतर' ओळीवर पटकन बोट ठेवण्याची सवय मात्र वाईट.

जुन्या कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. कंपनीच्या २१ अक्षरी ओळख क्रमांकात पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचे असतात, आणि २००४ च्या वर्गीकरणात कागदाचा विभाग २१ होता. तो आकडा तसाच उचलून आजच्या अर्जात घातला तर कागदवाला औषध कंपनी होतो, कारण २००८ च्या यादीत २१ म्हणजे औषधनिर्मिती.

भावाच्या नोंदणीत मी मुख्य काम उत्पादन असे बदलून १७०२ मधील खोक्यांची ओळ घातली आणि रोलच्या विक्रीचा संकेतांक दुय्यम म्हणून राहू दिला, कारण उद्यममध्ये एकाहून अधिक संकेतांक चालतात आणि नोंद दुरुस्तही करता येते. ते थकलेले बिल त्याने शेवटी रोज सकाळी फोन करून वसूल केले, व्याज सोडून. आता त्याने कागदी कपांचे यंत्र पाहून ठेवले आहे. ते गाळ्यात बसण्याआधी १७०९ ची ओळ वाचून ठेव, असा निरोप त्याने मलाच पाठवला आहे.