आधी दगड, मग विटा : इराणमधल्या आर्मेनियन चर्चचा प्रवास

इराणला जाणारे बहुतेक भारतीय तेहरान, इस्फहान, शिराज असा फेरा मारतात. इस्फहानमध्ये एखादी दुपार मोकळी सापडली तर वांक कॅथेड्रल बघतात, 'अरे, हे तर मशिदीसारखं दिसतं' म्हणतात आणि पुढे जातात. तुम्ही हाच क्रम ठेवणार असाल तर माझी पहिली सूचना, क्रम उलटा करा. आधी वायव्येच्या डोंगरात जा, तुर्कस्तान आणि नखचिवान (अझरबैजानचा एक भाग) यांच्या सीमेवरचे दगडी मठ बघा आणि शेवटी इस्फहानला उतरा. आम्ही दोघी मैत्रिणी तसंच गेलो. तसं केलं नसतं तर वांकमध्ये नेमकं काय घडलंय ते मला तरी कळलं नसतं.

त्यासाठी थोडा इतिहास हवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणचा शाह अब्बास पहिला आणि उस्मानी तुर्क यांच्यात युद्ध चालू होतं. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून १६०४-०५ मध्ये शाहने अरास नदीकाठचा मुलूख रिकामा करवला. त्यात जुल्फा हे रेशीम व्यापाऱ्यांचं श्रीमंत आर्मेनियन शहर होतं. लोकांना घरंदारं सोडून हाकललं गेलं, नदी ओलांडताना आणि वाटेत कितीतरी माणसं मेली. जे पोचले त्यांना शाहने आपल्या राजधानीत, झायंदे नदीच्या दक्षिण काठावर जमीन दिली. तिथे नवं जुल्फा वसलं. शाहला त्यांचं रेशमाचं कसब हवं होतं, म्हणून धर्म पाळायची, चर्च बांधायची मुभाही मिळाली. उजाड करणारा आणि आसरा देणारा हात एकच होता, ही गोष्ट तिथे प्रत्येक इमारतीसमोर आठवत राहते.

आमचा मुक्काम आधी तब्रीझला. तिथून माकूच्या बाजूला सेंट थॅडियसच्या मठाकडे जायला बस नाही. टॅक्सी 'दरबस्त' ठरवायची, म्हणजे पूर्ण गाडी आपली. भाडं निघण्याआधी पक्कं करा आणि थांबण्याचा वेळ त्यातच धरायला लावा. तब्रीझहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण सगळा दिवस गाडीतच जातो. आम्ही माकूत रात्र काढली. उंच कड्याच्या पोटात वसलेलं ते गाव स्वतःच बघण्यासारखं आहे. चालक तुर्की वळणाची अझेरी बोलणारे असतात. फारसीचे चार शब्द पाठ करून गेलात तरी इथे 'साग ओल' (आभार) म्हटल्यावर चेहरा जास्त खुलतो.

मठाला स्थानिक लोक करा केलिसा म्हणतात, काळं चर्च. गंमत अशी की लांबून दिसतं ते पांढरट चर्च. काळा दगड आहे तो फक्त पूर्वेकडच्या जुन्या भागात. १३१९च्या भूकंपात मठ पडला आणि १३२९ मध्ये पुन्हा उभा राहिला, त्यातला हा भाग. त्याला जोडून एकोणिसाव्या शतकात पश्चिमेला फिकट दगडाचं मोठं चर्च बांधलं गेलं. दोन्ही भागांवर आर्मेनियन वळणाचे टोकदार घुमट आहेत, उंच गळ्यावर बसवलेले आणि अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखे घड्या पडलेले. आत शिरायची घाई करू नका. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, कारण इथली खरी कला बाहेरच्या भिंतींवर आहे. संत, देवदूत, वेली, प्राणी, पट्ट्यांमागून पट्टे. सकाळचं तिरकं ऊन असेल तर कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट होतं. आतून मात्र भिंती जवळजवळ उघड्या, अंधाऱ्या, थंडगार. आर्मेनियन परंपरेत बहुतेक चर्च अशीच असतात. बाहेर छिन्नी चालते, आत दगड आणि घुमटातून पडणारा उजेड. हे लक्षात ठेवा, पुढे इस्फहानला याचा उपयोग आहे.

येशूच्या शिष्यांपैकी थॅडियसने या भागात धर्मप्रचार केला आणि इथेच त्याला मारलं गेलं, अशी आर्मेनियन लोकांची श्रद्धा आहे. दर जुलैत इथे यात्रा भरते. इराणभरचे आर्मेनियन येतात, तंबू ठोकून राहतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. २०२० मध्ये युनेस्कोने ही यात्रा इराण आणि आर्मेनियाचा सामायिक वारसा म्हणून नोंदवली. गजबज हवी असेल तर तेव्हा जा. आम्ही आडदिवशी गेलो. आवारात आम्ही, पहारेकरी आणि वारा. वारा मात्र खरंच सोबत धरून चाला. पठार उंच आहे, मे महिन्यातही जाकीट लागतं आणि हिवाळ्यात बर्फाने रस्ता अडतो.

याच फेरीत जोरजोरचं छोटं प्रार्थनामंदिर जमवता येतं. चौदाव्या शतकातल्या मोठ्या मठाचा हा एकटा उरलेला भाग. धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून १९८७-८८ मध्ये दगड सुटे करून ६०० मीटर अंतरावर पुन्हा रचला. काम सुबक आहे, पण वेळ कमी असेल तर वगळलंत तरी चालेल. इथवर सांगितलेले दोन आणि पुढचा सेंट स्टेपानोस असे तीन मठ २००८ पासून एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत आहेत.

सेंट स्टेपानोस मला तिघांत सर्वांत आवडला. त्यासाठी जोल्फा या सीमेवरच्या इराणी गावात यायचं. तब्रीझहून साधारण १३५ किलोमीटर. गावापासून पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर, लालसर कड्यांच्या दरीत, झाडांच्या गर्दीत मठ लपलेला आहे. आजची इमारत मुख्यतः सतराव्या शतकाच्या मध्यातली. म्हणजे जुल्फाचे लोक इस्फहानला नेले गेल्यानंतरची. भिंतीत क्रॉस कोरलेल्या शिळा बसवल्या आहेत, संत स्टीफनला दगडांनी ठेचून मारल्याचं शिल्प आहे, घुमटाच्या गळ्याभोवती लाल-पांढऱ्या दगडांची नक्षी आहे. आणि मग पश्चिमेच्या दारावर मान वर करून बघा. कमानीच्या पोकळीत लहान लहान कोनाड्यांच्या उतरत्या ओळी, म्हणजे चक्क मुकर्नस. इस्फहानच्या मशिदीत शोभावी अशी, पण दगडात कोरलेली आणि खाली क्रॉस. इथल्या दगडफोड्याला ती परकी वाटलेली नाही. देवाणघेवाण फक्त राजधानीतच झाली असं मानणाऱ्यांनी हे दार बघावं.

इथला रस्ता अरासच्या काठाने जातो. पलीकडे नखचिवान, म्हणजे अझरबैजान. पहारा चौक्या, तारांची कुंपणं, सैनिक यांचे फोटो अजिबात काढू नका, फोनसुद्धा त्या दिशेने धरू नका. मठाचे फोटो हवे तितके काढा.

त्याच पलीकडच्या काठावर जुनं जुल्फा होतं. गाव रिकामं झालं तरी दफनभूमी उरली होती, हजारो खाचकारांची. खाचकार म्हणजे क्रॉस आणि जाळीदार नक्षी कोरलेली उभी शिळा, आर्मेनियन शिल्पकलेचा गाभाच म्हणा. जुल्फाचे कारागीर त्यात अव्वल, बरेच दगड पंधराव्या-सोळाव्या शतकातले. १९९८ पासून ते पाडायला सुरुवात झाली आणि डिसेंबर २००५ मध्ये उरलेसुरले घणांनी फोडले गेले. ते फोडणाऱ्या सैनिकांचं चित्रीकरण इराणच्या काठावरून झालं, म्हणून जगाला कळलं. अझरबैजान सरकार हे मान्य करत नाही. आज रस्त्यावरून पलीकडे पाहिलं तर नुसती उतरती जमीन दिसते. चालकाने गाडी हळू केली, थांबवली नाही, आणि आम्हीही थांबवायला सांगितली नाही.

तिथून इस्फहान. सी-ओ-से पोल, म्हणजे तेहतीस कमानींचा पूल, चालत ओलांडून दक्षिणेला गेलात की जुल्फा मोहल्ला पंधरा-वीस मिनिटांवर. नदीत पाणी असेलच असं नाही. अनेकदा कोरडीच असते, निराश होऊ नका.

वांकचं खरं नाव सर्वतारक ख्रिस्ताचं कॅथेड्रल. वांक म्हणजे मठ. सुरुवात १६०६ मध्ये झाली, आजची इमारत १६५५ ते १६६४ मधली. उत्तरेकडून आल्यावर पहिला धक्का बाहेरच बसतो. दगड कुठेच नाही. साध्या विटांच्या भिंती, त्यावर इराणी धाटणीचा गोलसर, दुहेरी कवचाचा घुमट. कोरीवकाम जवळपास शून्य. वरचा क्रॉस झाकला तर मशीद म्हणून खपेल. ज्या लोकांची सगळी ओळख छिन्नीत होती ते विटांच्या शहरात आले, राजाचे गवंडी आणि राजाच्या शहराची पद्धत त्यांनी उचलली आणि बाहेरचा चेहरा निमूट ठेवला.

मग आत जा. उंबरठा ओलांडला की एक वीतभर भिंत रिकामी नाही. खाली सप्तरंगी इराणी फरशांचा पट्टा, फुलापानांचा. त्यावर ओळीने बायबलच्या कथा. त्यावर घुमटात निळं आणि सोनेरी, जगाची निर्मिती, आदम-हव्वा, स्वर्गातून हकालपट्टी. घुमट पेलणाऱ्या कोपऱ्यांत पंखवाल्या देवदूतांची मुंडकी. चित्रांची तऱ्हा युरोपीय आहे. इथल्या व्यापाऱ्यांचं इटली-हॉलंडला जाणं-येणं होतं, तिकडची छापील चित्रं त्यांनी आणली आणि चित्रकारांनी ती भिंतीवर मोठी केली. खर्च ख्वाजा अवेतिक या व्यापाऱ्याने उचलला. उत्तरेत बाहेर होती ती सगळी कथा इथे आत आली, छिन्नीऐवजी कुंचल्याने. मला वांकबद्दल सांगायचं ते एवढंच आहे, आणि ते दगडी मठ बघितल्याशिवाय अंगावर येत नाही.

बघताना क्रम असा ठेवा. दारातून आत गेल्यावर आधी वेदीकडे न बघता बाकीच्या भिंती बघा. तिथे अंतिम न्यायाचं प्रचंड चित्र आहे, वर स्वर्ग, तळाशी नरकातली झुंबड. लोक वेदीकडे तोंड करून फोटो काढत राहतात आणि निघताना घाईत याकडे बघतात. मग भिंतींच्या खालच्या पट्ट्यात संत ग्रेगरीच्या छळाची चित्रं ओळीने वाचा. आर्मेनियाच्या राजाला ख्रिस्ती करणाऱ्या या संताला त्याच राजाने आधी अनेक वर्षं अंधाऱ्या खड्ड्यात डांबलं होतं. रक्तपात बराच आहे, लहान मुलं सोबत असतील तर आधी ठरवा. घुमटासाठी छोटी दुर्बीण फार कामी येते. फ्लॅश वापरू नका, आणि फोटोला परवानगी आहे का ते त्या दिवशी पहारेकऱ्याला विचारा. सकाळी दार उघडताच पोचा, नंतर सहलींचे गट येतात. आवारात १७०२चा स्वतंत्र घंटाघर आहे, आणि १९१५च्या आर्मेनियन वंशसंहाराचं स्मारकही.

समोरचं संग्रहालय टाळू नका. शाहांची फर्मानं, हस्तलिखित गॉस्पेलं आणि मुख्य म्हणजे छापखान्याची कहाणी. खाचातुर केसारात्सी या बिशपने कागद, शाई, खिळे सगळं इथेच बनवून १६३८ मध्ये स्तोत्रांचं पुस्तक छापलं. इराणात छापलेलं हे पहिलं पुस्तक. केसावर लिहिलेलं वाक्य सूक्ष्मदर्शकातून दाखवतात तिथे रांग असते. मी सोडून दिली, तुम्हीही सोडलीत तर बिघडत नाही.

बहुतेकांचं जुल्फा वांकला संपतं. तुम्ही चौकाकडे चालत जा आणि १६२७-२८ मधलं बेथलेहेम चर्च बघा. ख्वाजा पेत्रोस या व्यापाऱ्याने बांधवलेलं. घुमट वांकपेक्षा मोठा, चित्रं दाटीवाटीची, आणि माणसं तुरळक. मला इथे जास्त वेळ बसता आलं. जवळच १६१३चं सेंट मेरी आहे. या दोन्हींचं दार हमखास उघडं असेलच असं नाही. वांकच्या तिकीट खिडकीवर आधी चौकशी करा. परदेशी माणसाचं तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच महाग असतं, ते गृहीत धरा. नवरोझच्या सुट्टीत गर्दी असह्य, आशुरासारख्या शोकदिनी बरंचसं बंद.

या चर्चना पैसा पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचं जाळं सुरतेपर्यंत, मद्रासपर्यंत आणि पुढे मुंबईपर्यंत पोचलं. फोर्टातलं १७९६चं आर्मेनियन चर्च त्याच साखळीतलं. मुंबईकरांनी निघायच्या आधी तिथे डोकावायला हरकत नाही.

आता रोखठोक गोष्टी. भारतीय किंवा कोणतंही आंतरराष्ट्रीय कार्ड इराणात चालत नाही. सगळा खर्च युरो किंवा डॉलरच्या रोख नोटांत न्यावा लागतो, नोटा कोऱ्या असाव्यात. किंमत ऐकली की 'तोमान की रियाल?' विचारा, एक तोमान म्हणजे दहा रियाल, आणि बोलण्यात लोक जवळजवळ नेहमी तोमानच धरतात. बायकांना कायद्याने डोक्यावर ओढणी लागते, चर्चच्या आवारातही. सुती ओढणी न्या, रेशमी सतत घसरते. शाकाहारींनी वांग्याचं कश्क-ए-बादेमजान, ताजी संगक रोटी आणि दही यांवर भरवसा ठेवावा. उत्तरेच्या गावांत याहून जास्त निवड मिळत नाही, तब्रीझहून सुका मेवा भरून घ्या. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. ती सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून थांबली आहे, त्यामुळे व्हिसा आधी काढावाच लागेल. आणि 'तिथे पोचल्यावर पुढच्या देशात नेतो' म्हणणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका, ही सवलत गेली ती त्यांच्याचमुळे. जून २०२५च्या युद्धापासून परिस्थिती केव्हाही पालटू शकते. तिकिटं काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचा, आणि त्यांनी जाऊ नका म्हटलं असेल तर बेत पुढे ढकला. निघालातच तर तब्रीझमधल्या टॅक्सीवाल्याला मठांची नावं फारसीत कागदावर लिहून द्या, कारण करा केलिसा नावाची ठिकाणं त्या भागात एकाहून जास्त आहेत.