सोमवार नाही, गुरुवार

३३ वर्षं मी पोस्टात खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. ‘आज नाही, उद्या या’ म्हणताना आतल्या माणसाला काही वाटत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्या सोमवारी माझं जे डोकं फिरलं ते अजून पुरतं ताळ्यावर आलेलं नाही.

वेदू माझा नातू, तिसरीत. वाचायला बसवला की दोन ओळींत जांभया, डोळे चोळणं, मग तहान, मग शू. मधली ओळ गाळून खालची वाचायचा. सूनबाईचं मत, आळशी आहे. मुलाचं मत, मोबाइल. शाळेत डोळे तपासले होते, त्यात पास! तक्ता लांब टांगलेला आणि ह्याला लांबचं चांगलं दिसतं, नापास होणार कसा? दादरला चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसवलं, तर यंत्राने +०.७५ दाखवले. “एवढ्याशा नंबरला चष्मा कशाला, आजी?” म्हणून परत पाठवलं.

शेवटी पालिकेचं एक मोठं रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी नीट समजावलं, ते सांगते. मुलांच्या डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. अधिक नंबर असला तरी आतला स्नायू आवळून मूल तो भरून काढतं, म्हणून लांबचं दिसतं. पुस्तक जवळ घेतलं की त्याच स्नायूला आणखी ओढ बसते, तो दमतो, अक्षरं पुसट होतात आणि मूल पुस्तक टाकून उठतं. स्नायू ढिला केल्याशिवाय खरा नंबर सापडत नाही. त्यासाठी ॲट्रोपिनचं मलम, ३ दिवस, दिवसातून दोनदा, चौथ्या दिवशी तपासणी. नंबर असाच लपून राहिला तर डोळाच आळशी होऊ शकतो, मग चष्मा लावूनही पुरतं दिसत नाही, असंही म्हणाल्या. मी सूनबाईकडे बघितलं. ती केस पेपर वाचत होती.

शुक्र, शनि, रवि मलम घातलं. चौथा दिवस सोमवार. सकाळी साडेसातला लालबागहून निघालो. वेदूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या करवंदाएवढ्या झालेल्या. डोक्यावर टोपी, त्याच्या आईचा गॉगल नाकावरून घसरतोय, तरी रस्त्यावर येताच “आजी, ऊन टोचतंय” म्हणून माझ्या पदरात तोंड. रुग्णालयात बाकावर नेमकी ट्यूबलाइटखालची जागा मिळाली. तो तीन तास भिंतीकडे तोंड करून बसला. डबा उघडून दिला तर पोळीत भाजी कुठली आहे तेही हाताने चाचपून बघितलं.

अकरा चाळीसला खिडकी आली.

“लहान मुलांची तपासणी गुरुवारी, मावशी. सोमवारी नाही.”

“अहो, ह्याच्यावर चौथा दिवस लिहिलंय.”

“चौथा दिवस लिहिलंय. सोमवार कुठे लिहिलंय?”

ह्याला उत्तर नव्हतं. खरं सांगू? मीसुद्धा मनीऑर्डरच्या खिडकीवर अशीच उत्तरं दिलेली आहेत. पण माझ्यासमोर आठ वर्षांचं पोर डोळे मिटून उभं नव्हतं. “गुरुवारीच यायचं होतं तर मलम शुक्रवारी कशाला सुरू करायला सांगितलंत?” असं मी विचारेपर्यंत मागच्या बाईने तिचा कागद आत सरकवला होता. मी तिथून हलले नाही. वेदूला बाकावर बसवून जिन्यात एका शिकाऊ डॉक्टरला गाठलं. पोरगा भला. म्हणाला, गुरुवार सकाळपर्यंत मलम चालू ठेवा, आणि केस पेपरवर तसं लिहून सही केली. लिहूनच घ्या हो, तोंडी सांगितलेलं पुढच्या खिडकीवर चालत नाही.

मलमाचं एक राहिलं. घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकातून पोटात कमी जातं. तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल होऊन अंग तापलं तर थांबवून डॉक्टरांना विचारायचं. आणि स्वतःचे हात धुवायचे! मी धुतले नाहीत, डोळा चोळला, आणि दिवसभर माझी एक बाहुली मोठी, एक लहान. सूनबाईने आरसा आणून दाखवला.

खरी पंचाईत पुढेच होती. मंगळवार-बुधवार घटक चाचणी. मलम घातलेल्या डोळ्याला जवळचं काहीही वाचता येत नाही आणि ते बंद केल्यावरही पुढे दहा-बारा दिवस असर राहतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो असतो. तुम्ही तरी सुट्टीतच जा. सूनबाईने वर्गशिक्षिकेला केस पेपरचा फोटो पाठवला, बाईंनी तोंडी परीक्षा घेतली. परिसर अभ्यासात २० पैकी १८. आधीच्या लेखीत ९ होते. मी तो आकडा इमारतीत किती जणांना सांगितला ते विचारू नका.

गुरुवारी सगळं मिळून दहा मिनिटं लागली. अंधारी खोली, डोळ्यात उजेडाची पट्टी, पुढे एकेक भिंग. उजवा +३.५, डावा +४. दुकानातलं यंत्र आठवलं.

मग म्हणाले, तीन आठवड्यांनी पीएमटीला या. मला वाटलं पुण्याची बस. औषधाचा असर उतरल्यावर पुन्हा तपासून चष्म्याचा नंबर ठरवतात, त्याला म्हणतात. तो थोडा कमी करून दिला. काचा पॉलिकार्बोनेटच्या घेतल्या, खेळताना फुटून डोळ्यात जायला नकोत. पहिला आठवडा “लांबचं धूसर दिसतंय” म्हणून चष्मा दप्तरात जायचा, मी काढून नाकावर ठेवायची.

परवा फाइल आवरत होते. वेदू शेजारी बसून केस पेपर मागून-पुढून वाचत होता. “आजी, ह्या शिक्क्यात लिहिलंय बघ, बालनेत्र, गुरुवार.”

चष्मा लावून बघितलं. होता खरा, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पण शिक्का फिका होता. पोस्टात असा शिक्का मारला असता तर आम्हाला मेमो मिळाला असता.